जुनी गाडी, नवा चालक

पुष्कळ घरांच्या पडवीत एखादी जुनी राजदूत उभी असते. तिच्यावर कोंबड्या बसतात. एके काळी वडिलांनी किंवा आजोबांनी तिच्यावरून दुधाचे कॅन नेलेले असतात. मग घरातला तरुण म्हणतो, "हीच दुरुस्त करतो आणि हिच्यावरच शिकतो."

विचार वाईट नाही. राजदूत ही एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी. तिची मूळ बांधणी पोलंड देशातली. इंजिन १७३ सीसीचे, गिअर तीन. आता ती बनत नाही. पण तिची रचना साधी आहे, शिकणाऱ्याला उलगडते. मात्र ज्याला गाडी आठ दिवसांत हवी, त्याने या नादी लागू नये.

आधी पाना उचलू नका, कागद उचला. आरसी बुकात चेसीस नंबर व इंजिन नंबर लिहिलेला असतो. तेच नंबर गाडीवर ठोकलेले असतात. मळ पुसा आणि एकेक अक्षर, एकेक आकडा ताडून पाहा. दुसरा म्हणाला "बरोबर आहे", तेवढ्यावर जाऊ नका. आता तुम्हाला वाचता येते ना? मग आपणच वाचा. गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओत गाडी दाखवून ती ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मूळ मालक वारला असेल, तर गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. हे जमणार नसेल, तर दुरुस्तीत पैसा घालू नका.

कागद झाले की ब्रेक. इंजिन नाही, ब्रेक! आमच्या पाहण्यातल्या एका तरुणाने इंजिन नवे केले, रंग दिला, आरशासारखी चकाकी आणली. ब्रेक तसेच राहिले. उतारावर त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. समोर बैलगाडी होती. त्याने गाडी बांधावर घातली, म्हणून पायावर निभावले.

राजदूतच्या दोन्ही चाकांत ड्रम ब्रेक असतो. चाक काढले की आत ब्रेक शू दिसतात. त्यांवरचा लायनर झिजला असेल, किंवा त्याला ग्रीस लागले असेल, तर बदलाच. धुऊन पुन्हा बसवू नका. आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते फुप्फुसात गेले की मोठा आजार होतो. तोंडाला फडके बांधा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाका. ब्रेकच्या केबलची एक तार जरी तुटलेली दिसली, तरी केबल नवी घाला. मिस्त्री म्हणेल, "चालतंय अजून." चालू देऊ नका.

टायरला वरून नक्षी असते, म्हणून तो चांगला असे नव्हे. उभा राहून राहून रबर तडकते. नव्या टायरच्या बाजूवर चार इंग्रजी आकडे असतात. २३२४ असतील, तर तो २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. दुकानात हे आकडे वाचूनच पैसे द्या.

आता इंजिन. टाकीतले शिळे पेट्रोल काढून टाका. त्या वेळी जवळ विडी नको. कार्बोरेटर साफ करा, नवा प्लग घाला. ही टू-स्ट्रोक गाडी आहे, म्हणून पेट्रोलात टू-स्ट्रोक ऑईल मोजून मिसळावे लागते. प्रमाण माहीतगार मिस्त्रीला विचारून वहीत लिहून ठेवा. ऑईल कमी पडले, तर पिस्टन जाम होतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक अडकते. तसे झाले, तर ताबडतोब क्लच दाबावा.

इंजिन सुरू करण्याआधी गाडी हाताने ढकला आणि पुढचा ब्रेक दाबा. मग मागचा. दोन्ही वेळा चाक जागीच थांबले पाहिजे. मग शिकाऊ परवाना काढा, हेल्मेट घाला आणि मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरवर या. रंगाचे पुढे बघू.

अभ्यास : घरच्या किंवा शेजारच्या गाडीचा चेसीस नंबर वाचा, वहीत लिहा आणि आरसी बुकाशी ताडून पाहा.