चार जीबीच्या लॅपटॉपवर

चि. मनू हिस,


व्हीएस कोड उघडला की पंखा घरघरतो, म्हणून नवा लॅपटॉप घ्यावा का, असं विचारलंस. बाबांच्या खिशात एवढ्यात हात घालू नकोस. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे, म्हणजे त्याच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर चालतो. वर तू डझनभर एक्स्टेन्शन लादली असणार. चार जीबी रॅम दमणारच. पण सी शिकायला तेवढी पुष्कळ झाली.

तू जीनी हा एडिटर टाक. विंडोजवरही चालतो, झटकन उघडतो. जीसीसी हा कंपायलर मात्र वेगळा घालावा लागेल. मग एफ8 ने कंपाइल, एफ9 ने बिल्ड, एफ5 ने रन. बस्स.

कॉलेजातलं निळ्या पडद्याचं टर्बो सी++ याहून हलकं, हे कबूल. प्रॅक्टिकलपुरतं वापर, सरांशी वाद घालू नकोस. घरी मात्र नको. टर्बोतला इंट 16 बिटांचा. 8 चं फॅक्टोरियल इंटमध्ये काढून बघ: 40320 ऐवजी -25216 येईल, कारण 32767 च्या पुढचा आकडा त्यात मावतच नाही. आणि तू रात्रभर आपल्या लूपमध्ये चूक शोधत बसशील! जीसीसीचा इंट 32 बिटांचा, 12 च्या फॅक्टोरियलपर्यंत निभावतो. 13 ला तोही फसतो. पुढे पायथन आलं तर थॉनी घे, एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालाय.

जीनीत स्वतःचा डीबगर नाही म्हणून नाक मुरडू नकोस. टर्मिनलवर जीडीबी आहे ना. कंपाइल करताना ‘-जी’ आणि ‘-वॉल’ हे दोन पर्याय (अर्थात इंग्रजी अक्षरांत) न चुकता दे. स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं अँडचं चिन्ह राहिलं, तर ‘-वॉल’ तिथेच हटकतो. ते दुर्लक्षून पुढे गेलीस आणि प्रोग्रॅम कोसळला, तर जीडीबीत रन करून बीटी ही कमांड दे. वर लायब्ररीतली अनोळखी नावं दिसतील, ती सोड. खाली मेन आणि त्याच्यापुढे ओळीचा नंबर असेल. ती ओळ बघ. उत्तरच चुकत असेल, तर ब्रेक लावून नेक्स्टने एकेक ओळ पुढे जा आणि प्रिंटने किंमत विचार. जागोजागी प्रिंटएफ पेरण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

अडलं तर स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवू नकोस. बीटीचं आउटपुट कॉपी करून जसंच्या तसं पाठव.

तुझा,
मामा