जिप्सी आणि जिम्नी

ताडोबाला वाघ बघायला नेतात ती वरून उघडी गाडी म्हणजे जिप्सी. आपल्या सैन्यातही ती असते. तिचे मूळ घराणे जपानचे. तिकडे तिला जिम्नी म्हणतात.

जपानात छोट्या मोटारीला कर कमी. पण नियम कडक! त्या काळी लांबी ३ मीटरच्या आत आणि इंजिन ३६० सी.सी.च्या आत लागे. होप नावाच्या लहानशा कंपनीने या मापात जीपसारखी गाडी बनवली. ती फारशी खपली नाही. १९६८ साली सुझुकी कंपनीने तिचे हक्क विकत घेतले, सुधारणा केल्या आणि १९७० साली जिम्नी बाजारात आणली. इंजिन ३५९ सी.सी.चे, म्हणजे जवळजवळ बुलेट मोटारसायकलीएवढेच. स्टेपनी मागे टांगली तर लांबी मापाबाहेर जाईल, म्हणून ती आत एका माणसाच्या जागेवर ठेवली. बसायला तिघेच! मला ही युक्ती फार आवडली.

मागच्या पावसाळ्यात आजीला दवाखान्यात नेताना भाड्याची गाडी ओढ्यात रुतली. मागची दोन चाके जागच्या जागी गरगर फिरत होती आणि पुढची दोन नुसती उभी. कारण तिचे इंजिन मागच्याच चाकांना फिरवते. दहा माणसांनी ढकलली तेव्हा निघाली. जिम्नीत ड्रायव्हर एक दांडा ओढतो, मग इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही जातो. पुढे जमीन घट्ट असली की ती चाके गाडी ओढून काढतात. शिवाय ट्रॅक्टरसारखा लो गिअर असतो. त्यात वेग कमी, पण ताकद जास्त. आणि गाडी हलकी, त्यामुळे चिखलात कमी रुतते. भरलेली बैलगाडी रुतते तिथून रिकामी निघून जाते, हे आपण बघतोच की नाही?

२००७ साली चिली देशात दोघांनी सुधारलेली सुझुकी ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६६८८ मीटर उंच नेली. आपले कळसूबाई १६४६ मीटर. चार कळसूबाई एकावर एक ठेवले तरी कमीच पडतात!

भारतात मारुती कंपनीने १९८५ साली जिप्सी आणली. तिचे इंजिन ९७० सी.सी.चे होते, पुढे १३०० सी.सी.चे झाले. २०१९ पासून सामान्य माणसाला नवी जिप्सी मिळत नाही. २०२३ साली पाच दारांची जिम्नी आली. ती हरियाणात बनते आणि २०२५ पासून आपल्याकडून जपानात विकायला जाते.