गाठ लहान, तरी ऑपरेशन का नाही?

प्रश्न : वडिलांना (वय ६८) चार वर्षांपासून आयपीएफ (फुप्फुसात व्रण पडत जाण्याचा आजार) आहे. त्यावर निन्टेडॅनिब हे औषध चालू आहे. आता सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात लहान गाठ दिसली आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला. तरी डॉक्टर लगेच ऑपरेशनला तयार नाहीत. असं का?

उत्तर : ही चालढकल नव्हे. आयपीएफमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका मुळातच वाढलेला असतो. विडी-सिगारेटची सवय असेल तर आणखी. गाठ बहुधा खालच्या भागात, कडेला, व्रण पडलेल्या जागीच होते.

खरी अडचण उपचारांची आहे. ऑपरेशन, रेडिएशन, काही केमो, इम्युनोथेरपी, यांपैकी कशानेही मूळ आजार एकाएकी भडकू शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो, याची चाचणी), सहा मिनिटं चालण्याची चाचणी आणि पेट स्कॅन होऊ द्या. श्वासाची ताकद बेताची असेल, तर फुप्फुसाचा अख्खा कप्पा न काढता छोटा तुकडा काढण्याचा विचार होतो. छातीविकारतज्ज्ञ, सर्जन आणि कॅन्सरतज्ज्ञ यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, असा आग्रह धरा.

निन्टेडॅनिबमुळे रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. ऑपरेशनआधी ते कधी थांबवायचं, हे विचारा. मनाने बंद करू नका. उपचारांनंतर दम किंवा कोरडा खोकला वाढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.