पदवी हातात आली. आता कोणत्या शहरात जावे?

प्रिय युवक-युवतींनो आणि पालकहो,

जून-जुलैमध्ये विद्यापीठाचे निकाल लागले की रविवारच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी दोन-चार मुले-मुली उभी दिसतात. बी.कॉम., बी.एस्सी., बी.ए., कुणी डिप्लोमा केलेला. प्रश्न बहुतेक एकच असतो. "फादर, पुण्याला जाऊ की मुंबईला?" अलीकडे त्यात बंगळूर आणि हैदराबाद यांचीही भर पडली आहे. आजचा पाठ याच प्रश्नावर आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी बी.कॉम. झालेल्या एका मुलाने मला हाच प्रश्न विचारला. मी घाईत होतो. "मुंबईला जा बाळा, तिथं कष्टाळू माणूस उपाशी राहत नाही," असे सांगून मी मोकळा झालो. मुलगा गेला. नोकरी अंधेरीला मिळाली आणि परवडणारी खोली बदलापूरला. बदलापूरहून दादर, तिथे गाडी बदलून अंधेरी. जाण्यायेण्यात रोजचे साडेचार तास. रात्रीचे जेवण स्टेशनबाहेरच्या गाडीवर. आठ महिन्यांनी तो कावीळ घेऊन घरी परतला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची आई शांतपणे म्हणाली, "फादर, तुम्ही शहर सांगितलं, पण त्यानं राहायचं कुठं ते नाही सांगितलं."

त्या माउलीचे बरोबर होते. नोकरी कुठे आहे, खोली कुठे मिळेल, पैसे किती उरतील, सोबत कोण असेल, यातले मी काहीच विचारले नव्हते.

त्याच सुमारास आपल्याच धर्मग्रामातली एक मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मुंबईला गेली. धर्मभगिनींच्या वसतिगृहात राहिली आणि तिथून वीस मिनिटांवरच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. ती आजही समाधानाने तिथे आहे. म्हणजे दोष मुंबईचा नव्हता. एकच शहर एकाला मानवले नाही आणि दुसरीला मानवले. म्हणून "कोणते शहर चांगले?" हा प्रश्नच अपुरा आहे. "कुणासाठी आणि कशासाठी?" हे त्याला जोडले पाहिजे.

१. शहर हे साधन आहे

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आम्हाला शिकवला होता. आपण खल करतो तो साधनांचा, साध्याचा नव्हे. रोग्याला बरे करायचे की नाही यावर वैद्य विचार करत बसत नाही. कसे बरे करायचे याचा तो विचार करतो. आपली मुले नेमके उलट करतात. साध्य ठरवलेले नसते आणि साधनावर मात्र रात्र-रात्र चर्चा चालते. "मला पुण्यात राहायचंय" हे साध्य नव्हे. "मला तीन वर्षांत हिशेबाचे काम पक्के शिकायचे आहे," "शैक्षणिक कर्ज फेडायचे आहे," "नोकरी करत पुढचे शिक्षण घ्यायचे आहे" ही साध्ये आहेत. यातले एक वाक्य आधी कागदावर लिहावे. ते लिहिता येत नसेल तर अजून बॅग भरू नये.

२. चार प्रश्न

आता माझ्याकडे कुणी आले की मी चार प्रश्न विचारतो.

पहिला, काम कोणते? प्रत्येक शहराला आपापली कामे असतात. बँका, विमा, शेअर बाजार, जहाजवाहतूक, चित्रपट यांचा मोठा व्याप मुंबईत आहे. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा भागात संगणक कंपन्या आहेत, तर चाकण आणि पिंपरी-चिंचवडकडे वाहनांचे कारखाने. यंत्रकामाचा डिप्लोमा असेल तर नाशिकचे सातपूर-अंबड आणि छत्रपती संभाजीनगरचे वाळूज-शेंद्रा विसरू नका; ती आपल्याला जवळ आहेत आणि राहणेही तुलनेने स्वस्त आहे. सॉफ्टवेअरसाठी बंगळूर आणि हैदराबाद मोठी आहेत. औषधे व लसी यांसाठीही हैदराबादचे नाव आहे. मात्र तिथे कार्यालयात इंग्रजी चालली तरी घरमालक, भाजीवाला आणि रिक्षावाला यांच्याशी कन्नड किंवा तेलुगू थोडी तरी शिकावी लागते. शिकण्याची तयारी असेल तर ती अडचण राहत नाही.

दुसरा, खोली आणि काम यांत अंतर किती? नकाशावरचे शहर फार मोठे असते. आपण ज्यात खरोखर राहतो ते शहर म्हणजे एक खोली, कामाची जागा आणि त्यांमधला रस्ता. काम हिंजवडीत आणि खोली हडपसरला असेल तर पुण्याचे पश्चिम टोक ते पूर्व टोक असा प्रवास रोज करावा लागेल. पुण्यात २०२२ पासून मेट्रो धावते, पण तिचे स्थानक आपल्या खोलीपासून आणि कामापासून किती लांब आहे ते पाहावे. मुंबईत लोकलचा मासिक पास स्वस्त असतो, पण वेळेची किंमत पासावर छापलेली नसते. जाण्यायेण्यात दोन तासांहून अधिक वेळ जाणार असेल तर पुन्हा विचार करावा, असे मी सांगतो. त्या वेळेतून झोप, अभ्यास आणि घरी करायचा फोन वजा होत असतो.

तिसरा, हिशेब केला का? लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायात बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखला आहे. तसेच बसावे. समजा, नेमणूकपत्रावर वर्षाचे तीन लाख लिहिले आहेत. मुलांना वाटते, महिन्याला पंचवीस हजार. पण त्या आकड्यात बहुधा कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. आपल्या मूळ पगाराचे १२ टक्के निधीत जातात ते वेगळे. हातात सुमारे एकवीस हजार पडतात. त्यातून खोलीचा हिस्सा ६,०००, जेवण ५,०००, प्रवास १,५००, फोन-औषध-किरकोळ २,५०० धरले तर १५,००० खर्च आणि ६,००० शिल्लक. कर्जाचा हप्ता ३,५०० असेल तर उरले २,५००. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. शिवाय पहिला पगार महिना भरल्यावर मिळतो आणि डिपॉझिट आधी द्यावे लागते. निदान दोन महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय निघू नये.

चौथा, माणसे कोण? प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात संत पौल करिंथ या मोठ्या, अनोळखी शहरात येतो. तिथे त्याला अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे भेटते. त्यांचा धंदा तंबू बनवण्याचा आणि पौलाचाही तोच. तो त्यांच्याकडे राहतो आणि त्यांच्याबरोबर काम करतो. पुढे दीड वर्ष तो त्या शहरात टिकला. आपल्यालाही असे एक घर हवे. आजारपणात पेज करून देईल, वाईट संगत लागली तर कान धरील, असे माणूस. नातेवाईक, गावचा मित्र, सिस्टरांचे वसतिगृह, जवळचे चर्च, कुणीही चालेल. वसईत मराठीतून उपासना करणारी धर्मग्रामे आहेत. पुण्यातही काही चर्चमध्ये मराठी मिस्सा होते. पहिल्याच रविवारी जाऊन तिथल्या फादरांना आपले नाव-गाव सांगावे.

३. ऐकीव माहिती आणि संत ऑगस्टीन

ऑगस्टीन हा उत्तर आफ्रिकेतल्या तगास्ते या लहान गावचा मुलगा. कार्थेजमध्ये तो वक्तृत्वशास्त्र शिकवत असे. तिथले विद्यार्थी दांडगाई करत. रोममधले विद्यार्थी शिस्तीचे असतात असे त्याने ऐकले आणि इ.स. ३८३ मध्ये तो रोमला निघाला. आई मोनिका सोडेना, म्हणून तिला फसवून रात्री जहाजात बसला. रोमला पोचताच तो आजारी पडला. विद्यार्थी शांत होते खरे, पण फी देण्याची वेळ आली की एकजुटीने दुसऱ्या शिक्षकाकडे पळत! ऐकीव माहितीत ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. पुढच्या वर्षी तो मिलानला गेला, तेव्हा शिक्षकाची नेमणूक हातात होती. तिथे त्याला बिशप अँब्रोज भेटले आणि ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. मित्राने मोबाईलवर पाठवलेले फोटो म्हणजे शहराची माहिती नव्हे. आणि पहिले शहर चुकले म्हणजे आयुष्य चुकले असेही नव्हे.

४. जाऊन पाहा, मग ठरवा

सुज्ञतेच्या तीन पायऱ्या संत थॉमस अक्वायनस सांगतात: सल्ला घेणे, पारख करणे आणि मग ठरवल्याप्रमाणे वागणे. आपली काही मुले पहिली पायरी गाळतात, तर काही तिथेच वर्षभर बसून राहतात.

शक्य असेल तर आठ दिवस त्या शहरात राहून यावे. रविवारी नव्हे, तर कामाच्या दिवशी सकाळी आठ वाजता तो रस्ता चालून पाहावा. नोकरी देण्यासाठी कुणी आधी पैसे मागत असेल तर तिथून उठून यावे. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, पण कुणाच्या ताब्यात देऊ नयेत. खोली घेताना लेखी करार करावा. महाराष्ट्रात तो बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार त्याची नोंदणी बंधनकारक आहे. ती जबाबदारी घरमालकाची आहे. डिपॉझिटची पावती जपून ठेवावी.

एवढे झाले की ठरवावे आणि एक वर्ष नेटाने राहावे. पहिले तीन महिने सगळ्यांनाच घर आठवते. तेवढ्यावरून शहर बदलू नये. पण प्रकृती ढासळत असेल, पगार वेळेवर मिळत नसेल किंवा चुकीचे काम करायला भाग पाडले जात असेल, तर परत येण्यात कमीपणा नाही.

५. पालकांसाठी दोन शब्द

"अमक्याचा मुलगा बंगळूरला आहे" हे वाक्य घरात वारंवार म्हणू नका. त्या वाक्याच्या भीतीने मुले खोटे सांगू लागतात. माझ्या चुकीच्या सल्ल्याने मुंबईला गेलेल्या त्या मुलाने सहा महिने घरी फोनवर "सगळं बरं आहे" एवढेच सांगितले होते. नंतर मी विचारले तेव्हा म्हणाला, "फादर, परत आलो तर लोक काय म्हणतील, असं वाटायचं." बरा झाल्यावर त्याने चारही प्रश्नांची उत्तरे लिहून काढली आणि नाशिकला गेला. अंबडमधल्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो. खोलीवर सायकलने पोचतो. पगार अंधेरीपेक्षा थोडा कमी आहे, पण आईच्या हातात महिन्याला जे पडते ते जास्त आहे.

मुलगा-मुलगी निघताना डबा, पैसे, आशीर्वाद सगळे द्या. त्याबरोबर एवढेही सांगा, "नाही जमलं तर घर आहेच."

या आठवड्याचा अभ्यास

१. मला शहरात कशासाठी जायचे आहे? एका वाक्यात लिहा.
२. पहिल्या तीन महिन्यांचा जमाखर्च वहीत मांडून वडीलधाऱ्यांना दाखवा.
३. रात्री दोन वाजता फोन केला तर दार उघडेल असे त्या शहरात कोण आहे? त्यांचे नाव लिहा. नाव सुचत नसेल तर मला येऊन भेटा. आपण मिळून शोधू.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर या विषयावर बोलायला सभागृहात थांबावे. वही आणावी. शहरात राहून आलेल्या दादा-ताईंनीही जरूर यावे; तुमचे अनुभव माझ्या सल्ल्यापेक्षा अधिक उपयोगी पडतील.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू