पोटदुखी : वाट केव्हा पाहू नये

सुरतच्या लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार पोटदुखीसाठी सहसा खाडा करीत नाही. एरंडेल किंवा वेदनाशामक गोळी घेऊन तो कामावर उभा राहतो. साध्या अपचनात हे निभावते. आंत्रपुच्छदाहात, म्हणजे अपेंडिसायटिसमध्ये, ते जिवावर बेतू शकते.

या विकारात दुखणे प्रथम बेंबीभोवती मोघम जाणवते, कारण आतड्याच्या मज्जातंतूंना नेमकी जागा सांगता येत नाही. काही तासांनी दाह पोटाच्या आतील आवरणास भिडला की दुखणे बहुधा उजवीकडे खाली सरकून तेथेच ठाण मांडते. भूक मरते, उलटी होते, बारीक ताप येतो. चालताना, खोकताना कळ वाढते. अशा वेळी रेचक घेतल्यास आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका वाढतो. फुटल्यावर वेदना काही काळ ओसरते आणि रोगी बरा झाल्याचा भास होतो, हे अधिकच फसवे.

ही लक्षणे दिसल्यास, तसेच पोट फळीसारखे कडक होणे, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा शौच, गर्भवतीची तीव्र पोटदुखी किंवा छातीकडे जाणारी कळ व घाम आढळल्यास पाळी संपण्याची वाट पाहू नये. रोग्यास खाण्यापिण्यास न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, अथवा त्यास मजुरा गेटजवळील नवीन सिव्हिल किंवा महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात तत्काळ न्यावे.