टाकी पाठीवर, भाला हातात: दोन्ही एकदम का नाही?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. डिसेंबरात धाकटा भाऊ पुण्याहून येतो आहे आणि आम्ही दोघे आठवडाभर कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर जाणार आहोत. भावाने तारकर्लीला स्कूबाचा कोर्स केला आहे. सकाळी टाकी लावून बुड्या मारायच्या, दुपारी भाल्याने मासे मारायचे आणि संध्याकाळी तेच भाजून खायचे, असा बेत होता. पण तिथे भाल्याला बंदी आहे म्हणे. गळाला काय लागेल याचा नेम नसतो. भाल्याने मात्र बघून, नेमका एकच मासा घेता येतो. मग बंदी गळाला हवी की भाल्याला?

उत्तर : भाला नेमका असतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. गळाला नको तो मासा लागू शकतो आणि जाळ्यात नको ते जीव अडकतात. तुटलेलं जाळं समुद्रात राहिलं, तर पुढे कितीतरी दिवस मासे मारत राहतं. भाल्याच्या बाबतीत यातलं काही होत नाही. अडचण त्या नेमकेपणातच आहे. पाण्याखाली हातात भाला असलेला माणूस समोरच्या माशांतला कोणता निवडतो? सगळ्यात मोठा. आणि प्रवाळात राहणाऱ्या कितीतरी माशांच्या बाबतीत नेमका तोच जायला नको असतो.

आपल्याकडे ज्याला हेकरू किंवा गोब्रा म्हणतात, त्या कुळातले मासे घ्या. यांच्यातल्या बऱ्याच जाती आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात आणि वय व आकार वाढला की त्यातल्या काहींचे नर होतात. म्हणजे एका खडकावरचे सगळ्यात थोराड मासे टिपले, तर तिथले नरच संपतात. मोठ्या माद्या गेल्या तरी तोटा मोठाच, कारण मादी दुप्पट वजनाची झाली की अंडी सहसा दुपटीहून अधिक देते. त्यात हा मासा घरकोंबडा. एकच कपार धरून बसतो, कुतूहलाने माणसाच्या जवळही येतो. त्याला शोधावं लागत नाही.

तरीही माणसं भाल्याने मासे मारत आली आणि समुद्र टिकला, कारण माणसाचा दम पुरत नसे. एका श्वासात खाली जायचं, काही सेकंद थांबायचं, वर यायचं. माशाला खोल पाण्याचा आसरा होता आणि वेळही त्याच्या बाजूने होता. टाकीने हे दोन्ही आसरे काढून घेतले. वीस-पंचवीस मीटरवर कपारीसमोर निवांत बसून वाट बघता येऊ लागली. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानात टाकी लावून भाला चालवता येत नाही. बहामा बेटांवर टाकीही नाही आणि भाल्याची बंदूकही नाही. फक्त रबराच्या ताणावर हाताने सोडायचा साधा भाला, तोही दम रोखून.

बोनेअरने याच्याही पुढचं पाऊल उचललं, आणि फार लवकर. १९६२ मध्ये कॅप्टन डॉन स्टुअर्ट नावाचे अमेरिकन गृहस्थ शिडाच्या जहाजातून तिथे आले आणि तिथलेच झाले. बेटावरच्या डायव्हिंगची पायाभरणी त्यांनी केली. नांगर टाकून प्रवाळ फोडण्यापेक्षा बोटींसाठी कायमचे बोये बसवा, भाला बंद करा, यासाठी ते झगडले. १९७१ मध्ये बेटाने प्रवाळावर भाल्याला बंदी घातली आणि १९७९ मध्ये सभोवतालचा सगळा किनारी समुद्र ६० मीटर खोलीपर्यंत संरक्षित केला. जेमतेम २८८ चौरस किलोमीटरच्या, कोरड्या, निवडुंगांनी भरलेल्या बेटाने पर्यटनाची लाट येण्याआधीच हे ओळखलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. भाला चालतो तिथले मासे माणसाची सावली दिसताच पळतात. बोनेअरला तसं होत नाही. रस्त्याकडेला पिवळ्या रंगाने नाव लिहिलेला दगड दिसला की गाडी थांबवायची, टाकी चढवायची आणि किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरायचं, अशी तिथली रीत आहे. थोड्याच अंतरावर प्रवाळाचा उतार सुरू होतो.

बंदीमागचं आणखी एक कारण पोपट मासा. हा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडून शेवाळ खातो. पोटातून बाहेर पडतो तो चुन्याच्या दगडाचा चुरा, म्हणजेच त्या किनाऱ्यांवरची बरीचशी पांढरी वाळू. रात्री तो कपारीत झोपतो. काही जाती तर स्वतःभोवती चिकट द्रवाचा पातळ कोश विणून झोपतात. टॉर्च आणि टाकी घेऊन गेलेल्या शिकाऱ्याला तो हाताने उचलण्याइतका सोपा. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनमधले लांब काट्यांचे काळे सागरी साळू एका रोगाने जवळजवळ नाहीसे झाले. शेवाळ खाणारा तो मोठा वर्ग गेल्यावर प्रवाळ स्वच्छ ठेवण्याचा बहुतेक भार पोपट माशांवर पडला. ते गेले की शेवाळ माजतं आणि नव्या प्रवाळाला बूड टेकायला जागा उरत नाही. बोनेअरने २०१० मध्ये पोपट मासा धरण्यावरही बंदी घातली.

आता तुमच्या बेतातला मला सगळ्यात काळजीचा वाटणारा भाग. सकाळी टाकी आणि दुपारी दम रोखून बुड्या, हा क्रम बंदी नसलेल्या बेटावरही करू नका. टाकीतली हवा दाबाखाली घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो काही तास हळूहळू बाहेर पडत राहतो आणि शिरांतल्या रक्तात त्याचे बारीक बुडबुडे फिरत असतात. एरवी फुप्फुसं ते अडवतात. पण अशा वेळी पुन्हा खोल बुडी मारली, तर दाबाने बुडबुडे आकसतात, फुप्फुसांच्या चाळणीतून निसटून धमन्यांकडे जाऊ शकतात आणि वर येताना तिथे पुन्हा फुगतात. मेंदूच्या वाटेवर हे घडलं तर परिणाम गंभीर होतात. म्हणून दम रोखायच्या बुड्या मारायच्याच असतील तर आधी, टाकी नंतर. उलट क्रम असेल तर मध्ये किमान एक दिवस जाऊ द्या.

दोन्हींच्या सवयीही एकमेकींच्या विरुद्ध आहेत. टाकी लावली की श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर ती हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकतं. भाला मारताना मात्र माणूस नकळत श्वास रोखतो. त्यात जखमी मासा ओढ देतो, आपण मागे जातो, आणि खोली व वेळ यांचं भान सुटतं.

टाकीशिवाय उतरणाऱ्याचा धोका वेगळा. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. बुडीआधी जोरजोरात श्वास सोडून तो कमी केला, तर गुदमरल्याची सूचनाच वेळेवर मिळत नाही. वर येताना शेवटच्या दहा मीटरांत दाब निम्म्यावर येतो, त्याबरोबर फुप्फुसातल्या ऑक्सिजनचाही, आणि पृष्ठभाग हाताशी आलेला असताना शुद्ध हरपते. पट्टीचे पोहणारे यात गेले आहेत. जोडीदाराने वर थांबून सतत नजर ठेवणं, एवढाच खात्रीचा उपाय. दोघांनी एकाच वेळी खाली जायचं नाही.

बोनेअरच्या बंदीला एक अपवाद आहे, आणि तो तुमच्या कामाचा आहे. लायनफिश हा पट्ट्यापट्ट्यांचा देखणा मासा मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. १९८५ मध्ये तो फ्लोरिडाच्या समुद्रात आढळला. लोकांनी घरच्या काचपेटीतले मासे सोडून दिले असावेत, असं मानलं जातं. तिथल्या समुद्रात त्याला खाणारं फारसं कोणी नाही आणि लहान माशांना त्याची भीती ठाऊक नाही. मादी वर्षाला वीस लाखांच्या घरात अंडी घालू शकते. २००९ मध्ये तो बोनेअरला पोचला आणि ज्या बेटाने भाला हद्दपार केला होता, त्यानेच केवळ या माशासाठी तो परत आणला: आखूड, प्रशिक्षण घेतलेल्यांनाच आणि परवानगीनेच. तिथल्या डायव्हिंग केंद्रांत याचा कोर्स असतो, त्यासाठी एक दिवस राखून ठेवा. या माशाला १८ विषारी काटे असतात. टोचला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची, कारण उष्णतेने ते विष निकामी होतं. मग डॉक्टर गाठायचा. विष काट्यांतच असतं, मांसात नाही. काटे छाटले की उरतो पांढरा, घट्ट आणि चवदार मासा.

इतर कॅरिबियन बेटांवर मात्र मोठा बॅराकुडा किंवा थोराड हेकरू खाण्याआधी स्थानिक कोळ्यांना विचाराच. प्रवाळावरच्या सूक्ष्म जीवांतलं सिग्वाटेरा या विषबाधेचं विष लहान माशांतून मोठ्यांत साठत जातं आणि कितीही शिजवलं तरी जात नाही.

दम रोखून भाल्याची खरी शिकार अनुभवायचीच असेल तर बहामाची वेगळी सुट्टी काढा. परवाना लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी नॅसो ग्रूपर हा तिथला हेकरू धरायला मनाई असते. थंडीत पौर्णिमेच्या सुमारास तो ठरलेल्या जागी हजारोंनी जमून अंडी घालतो. कोळ्यांना त्या जागा ठाऊक झाल्या आणि जातीवर नामशेष व्हायची पाळी आली.

बोनेअरला जाताना सामानात भाला नेऊ नका. हातमोजेही घरीच ठेवा, कारण ते घातले की माणूस प्रवाळाला हात लावतो, म्हणून तिथे मनाई आहे. गेल्यावर आधी सागरी उद्यानाचं शुल्क भरायचं आणि सुरुवातीची ओळखबुडी मारायची, ती टाळता येत नाही. शेवटच्या स्कूबा बुडीनंतर ॲमस्टरडॅमच्या विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्या. शेवटचा दिवस उत्तरेच्या वॉशिंग्टन-स्लॅगबाय राष्ट्रीय उद्यानात फ्लेमिंगो बघण्यात सहज जाईल.