रोपांचे छोटे घर

मुलांनो, ऊन वाढले की आपण सावलीत जातो. थंडी पडली की चादर पांघरतो. पण रोपटे कोठे जाणार? जेथे लावले तेथेच ते उभे राहते. म्हणून त्याला घर आपणच बांधून द्यायचे.

विदर्भात मे महिन्यात तापमान कधी कधी ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. पानांवर अगदी बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. कडक उन्हात ही वाफ भराभर जाते. तेवढे पाणी मुळे ओढू शकत नाहीत आणि रोप मान टाकते.

अशा रोपासाठी छोटा मांडव करा. रोपाभोवती चार काठ्या घट्ट रोवा. त्या रोपाच्या शेंड्यापेक्षा वीतभर उंच असाव्यात. त्यांवर जुने गोणपाट सुतळीने बांधा. पश्चिमेकडेही गोणपाट खाली सोडा, कारण दुपारनंतरचे ऊन तिकडून येते. पूर्वेची बाजू मात्र उघडी ठेवा. सकाळचे कोवळे ऊन रोपाला हवे असते. उजेडाशिवाय पाने अन्न तयार करू शकत नाहीत. बुंध्याभोवती वाळलेला पाला पसरा, म्हणजे मातीतील ओल टिकेल.

आता थंडीचे पाहू. नाशिक जिल्ह्यातील निफाड भागात हिवाळ्यात काही रात्री तापमान ५ अंशांच्याही खाली उतरते. तेव्हा शेतकरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. आपल्या रोपाला मात्र जुनी चादर पुरते. दिवसा जमीन तापते आणि रात्री ही ऊब वर निघून जाते. ती अडवण्यासाठी बांबूच्या कामट्यांची कमान करा. सायंकाळी तिच्यावर चादर टाका. चादर जमिनीला टेकली पाहिजे, पण पानांना टेकता कामा नये. सकाळी ऊन आले की ती काढून ठेवा.

कधी अचानक गाराही पडतात. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाड्यात व विदर्भात उभी पिके झोपवली. मोठ्या शेताला झाकणे अवघड असते. पण अंगणातल्या रोपावर टोपली पालथी घालून वर दगड ठेवता येतो. आभाळ भरून येताच हे करा. गारा पडू लागल्यावर बाहेर जाऊ नका.

मुलांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात रोपाला दिवसा झाकायचे असते, तर हिवाळ्यात रात्री. झाकण्याइतकेच वेळेवर उघडणेही महत्त्वाचे आहे. घर बांधून विसरलात, तर तेच घर रोपाचा जीव घेईल.

शब्दार्थ
मान टाकणे – कोमेजून वाकणे
कामटी – बांबूची पातळ पट्टी
पालथी – उलटी

स्वाध्याय
१. मांडवाची पूर्व बाजू उघडी का ठेवावी?
२. चादर सकाळी का काढावी?
३. तुमच्या घरातील कोणत्या जुन्या वस्तूंपासून रोपाचे घर करता येईल? पाच वाक्ये लिहा.